गोळीपुरता रंग

६ तारीख, मंगळवार

रंगावरून गोळी ओळखणाऱ्या माझ्या म्हाताऱ्या माणसांनो, तुमच्या डोळ्यांचा आज अपमान झाला आहे आणि तो एका काळ्या-पांढऱ्या कागदाने केला आहे.

हे वाक्य मी दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून म्हणणार होतो. पण समोर तिघेच होते आणि त्यांतल्या दोघांना बस पकडायची होती. म्हणून वहीत लिहितो. चाळीस वर्षं लोकांपुढे बोलण्यात गेली. आता वहीपुढेसुद्धा दुसऱ्या आवाजात बोलता येत नाही.

प्रकरण असं. आमच्या दवाखान्यात गोळ्या मोठ्या बरण्यांतून येतात आणि खिडकीवर साध्या कागदी पुडीत मिळतात. पुडीवर नाव लिहून उपयोग नाही, कारण निम्म्यांना वाचता येत नाही आणि उरलेले चष्मा घरी विसरतात. म्हणून सगळ्यांनी मनाशी एक सोपी खूणगाठ बांधली आहे. पांढरी गोल गोळी रक्तदाबाची, सकाळी एक. गुलाबी लांबट गोळी साखरेची, दिवसातून तीनदा. आता पुरवठादार बदलला. नव्या बरण्या येऊन पडल्या आहेत; सोमवारी १९ तारखेपासून रक्तदाबाची गोळी गुलाबी असणार आणि साखरेची पांढरी. बरोबर उलट. शिवाय दोन्ही गोल, दोन्ही एकाच मापाच्या. जो माणूस सवयीने ‘गुलाबी तीनदा’ घेईल, तो रक्तदाबाच्या तीन गोळ्या पोटात घालेल आणि दिवस मावळायच्या आत कुठेतरी जिन्यात कोसळेल.

वरच्या कार्यालयाने यावर एक पत्रक पाठवलं. ‘गोळ्यांच्या रंगातील बदलाची रुग्णांनी नोंद घ्यावी.’ काळी अक्षरं, पांढरा कागद, भिंतीवर चिकटवण्यासाठी. रंगाची बातमी रंगाशिवाय. आंधळ्याला बोट दाखवून रस्ता सांगावा, तसा हा कारभार.

मी रुग्ण समितीचा सचिव. बैठकीत शब्द देऊन आलो. सहाशे चाळीस रुग्ण, प्रत्येकाच्या हातात रंगीत कागद, शनिवारी १७ तारखेला. बाहेर छापून घेण्याची समितीची ऐपत नाही. डॉक्टर म्हणाल्या, “रंगीत प्रिंटर माझ्या खोलीत आहे. दुपारी एक ते चार मी नसते, तेव्हा वापरा. पण तो फार हळू आहे हं.” मी म्हणालो, हळू म्हणजे असून असून किती असणार.

दुपारीच तिथल्या संगणकावर कागद तयार केला. दोन्ही गोळ्यांचे मोठे फोटो, मागे फिकट निळा रंग, आणि वरच्या बाजूला चार बोटं रुंद लाल पट्टा. पट्ट्यात पांढऱ्या अक्षरांत माझ्या चार ओळी: ‘थांबा. हातातली गोळी कालची नाही. ओठाशी नेण्याआधी तिच्याकडे पाहा. तुमचं आयुष्य कुणाच्या बेफिकिरीवर सोडू नका.’

संध्याकाळी ताईला वाचून दाखवल्या. ताई माझी थोरली बहीण, घरात आम्ही दोघंच. तीही याच दवाखान्याची रुग्ण आणि तिला दोन्ही गोळ्या चालू आहेत. “वाचतोस छान रे भोंग्या,” ती म्हणाली. लहानपणी ठेवलेलं हे नाव तिने अजून सोडलेलं नाही.

७ तारीख, बुधवार

एका कागदाला चार मिनिटं चाळीस सेकंद. तीनदा घड्याळ लावून पाहिलं.

आधी प्रिंटर गुरगुरतो, मग आत काहीतरी इकडून तिकडे सरकतं, मग बराच वेळ काहीच होत नाही. मग कागदाची कड बाहेर येते आणि नवीन सुनेसारखी दारातच थांबते. तीन तासांत अडतीस कागद. या वेगाने सहाशे चाळिसांना पन्नास तास लागतील. माझ्या हातात १७ तारखेपर्यंत आजची धरून नऊ दुपारी, म्हणजे सत्तावीस तास. मी आयुष्यभर मोठमोठ्या भिंतींवर डोकं आपटलं आहे, पण एवढ्याशा डब्यापुढे कधी हतबल झालो नव्हतो.

औषधांच्या खिडकीवरच्या बाई डबा खायला त्याच खोलीत बसतात. प्रत्येक गोळी दोनदा मोजतात म्हणून सगळे त्यांना मोजणीबाई म्हणतात. कधीकाळी त्या माझ्या वर्गात होत्या, म्हणून मला सर म्हणतात. त्या ‘सर’मध्ये आदर किती आणि चेष्टा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

“सर, हा प्रिंटर तुमच्यावर गेलाय,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं घसा साफ करतो.”

८ तारीख, गुरुवार

आजचा दिवस बाईंचा. त्यांनी प्रिंटरच्या सेटिंगमध्ये डोकं घातलं आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, “सर, याला कुणीतरी शांत राहायला सांगून ठेवलंय.” खरंच. डॉक्टरांना छातीचे ठोके ऐकताना त्याच्या आवाजाचा त्रास होत असे, म्हणून कुणीतरी कधीतरी ‘कमी आवाज’ ही खूण करून ठेवली होती. कमी आवाजात चालायचं तर हळूच चालावं लागतं. ज्याला ज्याला गप्प बसवलं जातं तो संथ होतो, हे मी कितीदा व्यासपीठावरून सांगितलं आहे. यंत्रालाही तेच लागू पडावं याचं नवल वाटलं. खूण काढली. साडेतीन मिनिटं.

मग त्यांनी माझी चूक काढली. मी एक कागद छापायचो, चष्मा लावून तपासायचो, मग दुसरा सोडायचो. दर वेळी यंत्र थंड व्हायचं आणि पुन्हा पहिल्यापासून घसा साफ करायचं. आता पन्नास कागदांचा हुकूम एकदमच दिला. पावणेतीन मिनिटं. फोटोही फोनवरून जसेच्या तसे घातले होते, भिंतीएवढे. ते लहान केले. शेवटी बाईंना दिसलं की यंत्राला आपण चकचकीत फोटोच्या कागदावर छापतो आहोत असं वाटतंय. ‘साधा कागद’ केलं.

एक मिनिट पंचावन्न सेकंद. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

“बसा सर. टाळ्या वाजवायला कुणी नाही,” बाई म्हणाल्या.

त्यांचा मुद्दा पुढेच होता. कागद ओले येत होते, एकमेकांना चिकटत होते, कडा वळत होत्या. आणि लाल शाई दोन दिवसांत निम्म्याहून खाली गेली होती. शाईचा आणखी एकच संच कपाटात आहे, पुढचा पुढच्या महिन्यात. “वेळेत बसेल हो तुमचं,” बाई म्हणाल्या, “पण शाईत बसणार नाही.”

९ तारीख, शुक्रवार

यंत्रं दुरुस्त करणारा मिस्त्री येऊन गेला. त्याने झाकण उघडलं नाही, स्क्रू काढला नाही. माझा कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि टेबलावर ठेवला.

“काका, मशीन चांगलंय.”

“मग हळू का आहे?”

“तुम्ही त्याच्याकडून भिंत रंगवून घेताय. एवढुशा ब्रशने.” त्याने लाल पट्ट्यावर बोट आपटलं. “हे कशाला?”

मी समजावलं. कागद हातात आला की आधी माणसाच्या काळजाला धक्का बसला पाहिजे. लाल रंग म्हणजे इशारा. लाल पट्ट्याशिवाय तो कागद म्हणजे कागद नव्हे, किराण्याची यादी. लोक घडी करून खिशात घालतील आणि विसरतील. मी बरंच बोललो असेन, कारण मध्येच तो गुडघ्यावर हात ठेवून खाली बसला.

मग म्हणाला, “गोळीचा रंग सांगायचाय ना? या कागदावर गोळीचा रंग सोडून सगळे रंग आहेत.”

मला राग आला. अजूनही थोडा आहे. त्या चार ओळी मी उगाच लिहिलेल्या नाहीत. पण तो गेल्यावर मी पट्टा काढला आणि निळी पार्श्वभूमीही काढली. काढण्याआधी चारही ओळी एकदा मोठ्याने वाचल्या, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

पन्नास सेकंद.

जाता जाता त्याने आणखी एक सांगितलं होतं. ‘ड्राफ्ट’ म्हणून एक प्रकार असतो, त्यात यंत्र भराभर आणि थोडं फिकट छापतं. तेही केलं. वीस सेकंद. दीड तासात दोनशे सत्तर कागद. कागद बाहेर पडत होते आणि मी दोन्ही हातांनी झेलत होतो. असंच चाललं तर उद्या संपलं.

१० तारीख, शनिवार

संपलं नाही.

कागद कितीही भराभर निघाला तरी तो ज्याच्यासाठी आहे त्याला कळतो का, हे पाहायला हवं. म्हणून कालचा एक कागद घरी आणला होता. सकाळी ताईसमोर धरला. म्हटलं, “यात पांढरी गोळी कुठली, दाखव.”

तिने आधी कागदाच्या कडा चाचपल्या. मग म्हणाली, “कुठे छापलीय?” मी म्हटलं, “समोरच आहेत की, दोन.” तिने बोट ठेवलं ते गुलाबीवर.

दोनशे सत्तर कागद. फिकट छपाईत गुलाबीचा गुलाबीपणाच उरला नव्हता. मी तसाच दवाखान्यात गेलो आणि सगळा गठ्ठा टेबलाखाली टाकला.

“मला तर दिसतोय फरक,” बाई कागद खिडकीशी धरून म्हणाल्या. “फिका आहे, पण आहे.”

“तुमचे डोळे तरुण आहेत.”

“सर, मला दोन नातवंडं आहेत.”

मी ऐकलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. जो कागद एकाही म्हाताऱ्या माणसाला फसवतो, तो सहाशे चाळीस जणांना वाटण्याचा मला अधिकार नाही. आज एकही कागद छापला नाही. शाईची छिद्रं दोनदा साफ केली, त्यात शाईच वाया गेली. सात दिवस उरले आणि हातात एकही कागद नाही.

११ तारीख, रविवार

दवाखाना बंद. घरी बसून चडफडलो.

ताईला वर्तमानपत्र वाचून दाखवलं, रोजच्यासारखं. गेली दोन वर्षं ती स्वतः वाचत नाही. म्हणते, “तू वाचलंस की बातमीसुद्धा भाषणासारखी वाटते.” खोटं का बोला, बरं वाटतं. तिचं शिवणयंत्र कापड घालून कोपऱ्यात आहे, बोटं दुखतात म्हणते. तीस वर्षं तिने मोठ्या रुग्णालयाच्या चादरी आणि उशांचे अभ्रे शिवले, त्या पैशांवर मी शिकलो. पण बोटं दुखत असली तरी हुशार आहेत अजून. औषधाच्या दोन्ही डब्या ती न पाहताच उघडते आणि नेमकी गोळी काढते, घड्याळजीसारखी. चहा ओतताना तेवढी एक वाईट खोड लागली आहे, बोट कपाच्या आत धरते. “पोळेल,” म्हटलं, तर म्हणते, “माझा कप, माझं बोट. तू तुझं बघ.”

दुपारी मी पुन्हा आकडेमोड करत बसलो होतो. चांगलं छापावं तर शाई नाही. भराभर छापावं तर रंग नाही. मोठ्याने बोलत असणार, कारण ती आतून म्हणाली, “एवढा अख्खा कागद रंगवता कशाला रे?”

“दोन गोळ्याच आहेत आता कागदावर. बाकी काळी अक्षरं.”

“मग अक्षरंही त्याच मशीनवर कशाला? चादरीवर रुग्णालयाचं नाव घालायचं तर आम्ही कोपरा भरायचो. अख्खी चादर कुणी भरतकामाला घेत नाही. कोपऱ्याची पट्टी वेगळी भरायची आणि नंतर लावायची. एका बैठकीत शंभर पट्ट्या व्हायच्या.” मग म्हणाली, “आणि पांढऱ्या गोळीला रंग कसला लागतो? गोळीपुरताच रंग घ्या. एका गोळीपुरता.”

मी पेन्सिल खाली ठेवली. सहा दिवस मी एका यंत्राला पळवायला निघालो होतो, आणि त्याला ओझं कुणी दिलंय हे एकदाही विचारलं नव्हतं.

१२ तारीख, सोमवार

अक्षरं, चौकट, सूर्य आणि चंद्राची चित्रं, आणि दोन रिकामी वर्तुळं: हे सगळं दवाखान्याच्या काळ्या यंत्रावर. वरच्या कार्यालयाची पत्रकं याच यंत्रावर निघतात. सहाशे चाळीस कागद अर्ध्या तासात, खटाखट. एक वर्तुळ रिकामंच राहणार, ती पांढरी गोळी.

रंगीत यंत्रावर फक्त गुलाबी टिकल्या. एका कागदावर सहा उभ्या ओळी, ओळीत आठ, म्हणजे अठ्ठेचाळीस. सहाशे चाळिसांना चौदा कागद. शांतपणाची खूण सोडून बाकी सगळं पुन्हा उत्तमावर ठेवलं. भर रंग, दाट शाई, घाई नाही. एकेका कागदाला पुन्हा जवळजवळ तेवढाच वेळ, साडेचार मिनिटं. आणि सगळं काम एक तास पाच मिनिटांत संपलं.

बाईंनी टिकल्यांचा कागद बरणीतल्या नव्या गोळीशेजारी धरला. फरक सांगता येईना. त्यांनी अठ्ठेचाळीस टिकल्या दोनदा मोजल्या, सवयीने.

यंत्र होतं तसंच आहे. मी मात्र त्याच्या गळ्यातून माझं भाषण काढून घेतलं.

१३ तारीख, मंगळवार

सहाशे चाळीस टिकल्या कापायच्या आणि चिकटवायच्या. दोघांचं काम नव्हे. म्हणून सकाळी रांगेत ताटकळणाऱ्यांनाच विचारलं. एक शिंपी होते, गुडघ्यासाठी आले होते. त्यांनी सहा-सहा कागद एकावर एक धरून टिकल्या अशा कापल्या की मोजणीबाईंनीसुद्धा मान हलवली. एक निवृत्त बसचालक होते. एक आजी सुनेची तक्रार सांगत सांगत चिकटवत होत्या आणि तक्रार संपेना म्हणून त्यांचेच कागद सर्वांत जास्त झाले.

ते दृश्य पाहून मला राहवलं नाही. बाकावर चढलो. म्हटलं, बघा, ज्यांना कारभाऱ्यांनी भिंतीवरचं पत्रक वाचायला सांगितलं, त्यांनी आपल्या हातांनी आपला कागद केला. दहा-बारा मिनिटं बोललो असेन. लोक तल्लीन झाले होते. शिंप्यांची कात्री थांबली होती.

खाली उतरलो तेव्हा बाई कागद चाळत होत्या. एकसष्ट कागदांवर गुलाबी टिकली सूर्य आणि चंद्र दोन्ही असलेल्या चौकोनात, म्हणजे तीनदा घ्यायच्या गोळीच्या जागी. जिथे ती चुकूनही पडायला नको, नेमकी तिथे.

“सर,” बाई हळूच म्हणाल्या, “तुम्ही बोलायला लागलात की लोक ऐकतात. ऐकायला लागले की वर बघतात. वर बघितलं की हात चुकतो.”

बसचालक म्हणाले, “म्हणून तर बसमध्ये पाटी असते, चालकाशी बोलू नये.”

एकसष्ट कागद फाडले. तेवढे पुन्हा छापले. मग मला एक स्टूल, डिंकाची बाटली आणि भिंतीकडे तोंड असलेली जागा मिळाली.

१४ तारीख, बुधवार

दिवसभर चिकटवलं. बोललो नाही. बाईंनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना.

१५ तारीख, गुरुवार

दुपारी तीन वाजता सहाशे चाळीस पुरे झाले. बाईंनी दोनदा मोजले.

“पहिला कागद ताईंना न्या,” त्या म्हणाल्या आणि पुडीत नव्या गोळ्या घातल्या, एक पांढरी, एक गुलाबी. “पण एक करा. गोळ्या हातावर ठेवा, विचारा आणि गप्प बसा. तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. वर्गातही तसंच होतं.”

घरी आलो तेव्हा खिडकीत भरपूर ऊन होतं. ताईला तिथे खुर्चीवर बसवलं, कागद मांडीवर दिला. “छान झालाय,” ती लगेच म्हणाली. मी दोन्ही गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या. “यातली गुलाबी कुठली?”

आणि गप्प बसलो. तोंडात शब्द आले होते, ते गिळले.

तिने एक गोळी चिमटीत धरली, फिरवली. मग दुसरी. मग दोन्ही एकदम, अंगठ्याने कडा घासून पाहिल्या. हात खिडकीकडे नेला, अगदी डोळ्यांजवळ आणला, बाजूला धरला. एक गोळी नाकाशी नेली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. समोरच्या घराच्या गॅलरीत कुणीतरी चादर झटकत होतं, ते झटकून आत गेलं. मी अजून गप्प होतो.

“दोन्ही सारख्याच आहेत रे,” ताई म्हणाली.

मी म्हणणार होतो, छपाई चांगली आहे, बाईंनी पाहिली आहे. पण तिच्या हातात कागद नव्हताच. गोळ्या होत्या.

“लांबट होती तोवर चालत होतं,” ती म्हणाली. “लांबट तीनदा, गोल एकदा. आता काय करू?”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली. मधला भाग जातो. कडेकडेचं दिसतं. तू दारात आलास की दिसतोस, जवळ आलास की तोंड जातं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

तिने गोळ्या पुडीत परत घातल्या, एक-एक, बोटांनी पुडीचं तोंड शोधून. “सांगितलं असतं, तर तू पुढच्या सभेत सांगितलं असतंस. ‘माझ्या घरात, माझ्या सख्ख्या बहिणीला.’ आवाज चढवून. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं असतं. आणि मला दिसलं नसतं कोण कोण बघतंय.”

तिने बरोबर ते वाक्य म्हटलं होतं जे मी म्हटलं असतं. विरामसुद्धा बरोबर त्याच जागी.

१६ तारीख, शुक्रवार

बाईंना सांगितलं. ताईला विचारून सांगितलं. ती म्हणाली, “मोजणीबाईला सांग. डॉक्टरांना मी सांगेन. बाकी कुणाला नाही.”

बाईंनी हातातली पुडी बांधून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “ते दोनशे सत्तर कागद वाईट नव्हते सर.”

“हो.”

“मी तेव्हाच म्हटलं होतं.”

“हो.”

“आज काहीच बोलत नाही?”

काय बोलू? शनिवारी तिने चुकीच्या गोळीवर बोट ठेवलं, तेव्हा मला यंत्राचा दोष दिसला, शाईचा दिसला, बाईंच्या तरुण डोळ्यांचा दिसला. समोर बसलेलं माणूस दिसलं नाही. दोन वर्षं रोज संध्याकाळी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं आणि समजत राहिलो की मी फार सुंदर वाचतो.

डॉक्टरांनी ताईला आज तपासलं आणि मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवायचं ठरवलं. गेलेलं परत येईल असं नाही, म्हणाल्या, पण आणखी जाणं थांबवता येईल. मग त्यांनी मला विचारलं, “या सहाशे चाळिसांत असे आणखी किती असतील?” मलाही तोच प्रश्न खात होता. सगळं बळ लावून आम्ही त्यांच्यासाठी रंग छापला, आणि त्यांच्यातल्या काहींना रंगच दिसत नाही. त्यांनी कधी सांगितलेलं नाही, आणि विचारलं तरी सांगणार नाहीत.

तोडगा ताईने सुचवला आणि तो तिनेच केला. रक्तदाबाच्या, म्हणजे सकाळी एकदाच घ्यायच्या गोळीच्या पुडीला वरून एक जाड दोरा ओवायचा आणि गाठ मारायची. हाताला लागली पाहिजे. साखरेची पुडी साधी. दुपारभर ती औषधांच्या खिडकीमागे बसून गाठी मारत होती. बोटं दुखतात, असं एकदाही म्हणाली नाही. तिने शंभर पुड्या केल्या. पण त्या द्यायच्या कुणाला, हे आम्हाला ठाऊक नाही. ते प्रत्येकाच्या घरातच कळेल.

डॉक्टरांनी उद्या मला बोलायला सांगितलं. दोन मिनिटं. ताईला विचारलं, बोलू का. म्हणाली, “बोल. पण माझ्याशिवाय बोल.”

१७ तारीख, शनिवार

सकाळी साडेनऊला पायरीवर उभा राहिलो. समोर दोनशे तरी माणसं, बहुतेक घरच्यांची औषधं न्यायला आलेली: मुलगे, सुना, नाती, शेजारी. खिडकीतून बाईंनी मला दोन बोटं दाखवली. कागद आणि सोमवारपासून घ्यायच्या नव्या गोळ्यांच्या पुड्या वाटून झाल्या होत्या. जे बोललो ते असं:

“आपल्या म्हाताऱ्या माणसांची औषधं नेणाऱ्या लोकहो, तुमच्या हातातला कागद चांगला आहे. रंग बरोबर आहे, सगळं दोनदा तपासलेलं आहे. तरी त्याच्यावर भिस्त ठेवू नका. छापणाऱ्याला वाटतं, छापलं म्हणजे दिसलं. बोलणाऱ्याला वाटतं, बोललं म्हणजे कळलं. मी ही दोन्ही कामं करतो आणि दोन्हीत चुकलो आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात असं माणूस आहे, ज्याला दिसेनासं झालंय आणि जे तसं म्हणत नाही. कारण म्हटलं की त्याच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं जाईल आणि शेवटी त्याच्याविषयी सगळे बोलतील, त्याच्याशी कुणी बोलणार नाही. ते अंदाजाने चालतं, बोटांनी पाहतं, आणि आजवर त्याचं निभावलं आहे. सोमवारपासून निभावणार नाही, कारण दोन्ही गोळ्या एकाच आकाराच्या आहेत. अशांसाठी खिडकीवर गाठ मारलेल्या पुड्या आहेत. सोमवारी सकाळी येऊन मागा. कुणासाठी, ते सांगायची गरज नाही.

मात्र त्यांना ‘तुम्हाला दिसतं का’ असं विचारू नका. ते ‘दिसतं’ म्हणतील. आज घरी पोचलात की ऊन असताना त्यांना खिडकीशी बसवा. एक पांढरी आणि एक गुलाबी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवा. ‘यातली गुलाबी कुठली?’ एवढंच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.”